कलम पाच आणि सिल्चरचे अकरा

19 मे 1961. आसामच्या दक्षिण टोकाला, बराक नदीच्या काठी वसलेल्या सिल्चर शहरात त्या दिवशी हरताळ होता. पहाटे 5.40 ला पहिली गाडी सुटायची होती; तिचे एकही तिकीट विकले गेले नाही. तारापूरच्या रेल्वे स्थानकात सत्याग्रही रुळांवर येऊन बसले होते. करीमगंज आणि हैलाकांदी या गावांतही हेच चित्र होते. मागणी एकच होती. ज्या काछाड जिल्ह्यात बहुसंख्य लोक बंगाली बोलतात, त्या जिल्ह्यात बंगालीला राजभाषेचे स्थान हवे.

सत्याग्रहींमध्ये कमला भट्टाचार्य ही 16 वर्षांची मुलगी होती. तिचे कुटुंब 1950 साली पूर्व पाकिस्तानातले सिलहट सोडून निर्वासित म्हणून सिल्चरला आले होते. वडील नव्हते. मोठ्या बहिणीच्या शिक्षिकेच्या पगारावर घर चालायचे. पाठ्यपुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने कमला मैत्रिणींकडून पुस्तके आणून ती वहीत उतरवून घेत असे. आदल्याच दिवशी तिची मॅट्रिकची परीक्षा संपली होती आणि पुढे टायपिंग शिकायचे तिच्या मनात होते. अश्रुधूर सोडला तर डोळ्यांना लावायला आईने तिला कापडाचा एक तुकडा दिला. अकरा वर्षांची धाकटी बहीण मंगला तिच्याबरोबर निघाली.

भाषेचा कायदा विधानसभेत होतो, राजपत्रात छापला जातो आणि कार्यालयात लागू होतो. वहीत पुस्तक उतरवून शिकणाऱ्या मुलीला त्याच्यासाठी रुळांवर बसावे का लागले, हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जायला हवे. या कहाणीत सरळसरळ खलनायक सापडत नाही. अन्याय सोसलेल्या भाषेच्या हाती सत्ता आल्यावर तिने आपल्याहून धाकट्या भाषांशी कसे वागावे, हा या कहाणीतला खरा प्रश्न आहे.

1826 च्या यांदाबूच्या तहानंतर आसाम इंग्रजांच्या ताब्यात आला. दहा वर्षांत, 1836 साली, कंपनी सरकारने तिथल्या कचेऱ्यांची आणि शाळांची भाषा बंगाली करून टाकली. असमियाला स्वतःचे वाङ्मय होते, अहोम दरबारात लिहिलेल्या बखरी होत्या, शंकरदेवांची कीर्तने होती. तरीही स्वतःच्याच मुलखातल्या न्यायालयात आणि शाळेत तिला जागा उरली नाही. शिवसागरच्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी 1846 मध्ये 'ओरुनोदोई' हे मासिक असमियात सुरू केले. आनंदराम ढेकियाल फुकन यांच्यासारख्या विद्वानांनी असमिया ही स्वतंत्र भाषा असल्याचे सरकारला पुराव्यानिशी पटवून दिले. तेव्हा कुठे 1873 मध्ये असमियाला तिचे स्थान परत मिळाले. ही 37 वर्षे असमिया माणूस विसरला नाही, आणि त्याने ती विसरावीत असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पुढच्याच वर्षी, 1874 मध्ये, इंग्रजांनी आसामचा वेगळा प्रांत केला. महसुलाचे गणित जुळावे म्हणून बंगाली बोलणारा सिलहट जिल्हा त्याला जोडला. काछाड तर आसामात होताच. तिथे पूर्वी दिमासा राजांचे राज्य होते आणि खासपूरच्या त्यांच्या दरबारातही बंगालीचा वापर होता. म्हणजे बराक खोऱ्यातली बंगाली काही 1947 नंतरच्या निर्वासितांनी आणलेली नव्हती. मात्र प्रांताची हद्द अशी आखली गेल्याने असमिया बोलणारे आपल्याच नावाच्या प्रांतात अल्पसंख्य झाले.

त्यात माणसांचे लोंढे आले. चहाच्या मळ्यांसाठी छोटा नागपूर आणि ओडिशाकडून मजूर आणले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मैमनसिंगसारख्या जिल्ह्यांतले भूमिहीन मुसलमान शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या 'चर' जमिनींवर येऊन वसले. कार्यालयांत आणि रेल्वेत शिकलेले बंगाली हिंदू होते. 1947 च्या जुलैमध्ये सार्वमत होऊन सिलहट पाकिस्तानात गेला. करीमगंजकडचा थोडा भाग तेवढा भारतात राहिला. मग निर्वासित आले. 1931 च्या जनगणनेत आसामात असमिया बोलणारे अल्पसंख्यच होते.

वीस वर्षांनी, 1951 मध्ये, त्यांचे प्रमाण जवळपास 57 टक्के झाले. सिलहट गेल्याने प्रमाण वाढणार हे उघड होते. पण एवढी उडी त्यानेच पडली नाही. ब्रह्मपुत्रा खोऱ्यातल्या बंगालीभाषक मुसलमान शेतकऱ्यांनी मातृभाषेच्या रकान्यात 'असमिया' लिहिले. त्यांनी चरांवर असमिया माध्यमाच्या शाळा काढल्या, मुलांना असमियातून शिकवले. त्यांना 'न-असमिया', म्हणजे नवे असमिया, म्हटले जाऊ लागले. घरात एक भाषा आणि शिरगणतीच्या कागदावर दुसरी, हा निर्णय त्यांनी सुरक्षिततेसाठी घेतला आणि या मातीत रुजण्यासाठीही घेतला. स्थलांतरिताने यजमान समाजाची भाषा आपली मानावी, अशी अपेक्षा सगळीकडे केली जाते. इथे ती अपेक्षा लाखो माणसांनी आपणहून पूर्ण केली होती.

या पार्श्वभूमीवर भाषावार राज्यरचनेचे वारे आसामातही वाहू लागले. 1960 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे इकडे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची तयारी चालू होती त्याच दिवसांत, आसाम प्रदेश काँग्रेसने असमिया ही राज्याची राजभाषा व्हावी असा ठराव केला. 4 जुलैला गुवाहाटीत पोलिसांच्या गोळीबारात रणजित बरपुजारी हा असमिया विद्यार्थी मारला गेला. त्यानंतर ब्रह्मपुत्रा खोऱ्यात बंगाल्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. कामरूप जिल्ह्यातल्या गोरेश्वरला मोठी जाळपोळ झाली. हजारो बंगाली कुटुंबे पश्चिम बंगालकडे आणि काछाडकडे पळाली. फाळणीत एकदा घर सोडलेल्यांपैकी अनेकांना दुसऱ्यांदा घर सोडावे लागले.

10 ऑक्टोबर 1960 ला मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा यांनी राजभाषा विधेयक विधानसभेत मांडले. करीमगंजचे आमदार रणेंद्रमोहन दास यांनी त्याला कडाडून विरोध केला. डोंगरी जिल्ह्यांतले नेतेही विरोधात होते. खासी, गारो, मिझो लोकांची भाषा ना असमिया होती, ना बंगाली. 24 ऑक्टोबरला विधेयक मंजूर झाले.

या कायद्यात अल्पसंख्याकांसाठी काहीच नव्हते असे म्हणणे चूक ठरेल. त्याच्या पाचव्या कलमाने काछाडमध्ये जिल्हा पातळीपर्यंतच्या कामकाजासाठी बंगाली वापरण्याची मुभा दिली होती. पण पुढे एक अट जोडली होती. जिल्ह्यातल्या महकुमा परिषदा आणि नगरपालिका यांच्या सभांत हजर राहून मतदान करणाऱ्या सभासदांपैकी दोनतृतीयांश जणांनी असमियाच्या बाजूने कौल दिला की ही मुभा संपायची होती. महकुमा म्हणजे उपविभाग. त्याच्या परिषदेतल्या काही सदस्यांनी एका बैठकीत हात वर केले, की काछाडच्या शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा, दुकानदाराचा परवाना, विधवेचा पेन्शनचा अर्ज आणि कोर्टाचे समन्स यांची भाषा बदलणार होती.

काछाडच्या लोकांनी हे वाक्य नीट वाचले होते. सत्ता, पदे, निधी आणि पक्षाचा दबाव यांच्या जोरावर परिषदांमधली मते कशी फिरवता येतात, हे त्यांना ठाऊक होते. जी गोष्ट उद्या मतदानाने काढून घेता येते, ती सवलत असते; तिला हक्क म्हणता येत नाही. शिवाय राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्येच यावर निःसंदिग्ध तोडगा सुचवला होता. एखाद्या जिल्ह्यातले 70 टक्के किंवा त्याहून अधिक लोक राज्याच्या भाषेखेरीज दुसरी भाषा बोलत असतील, तर त्या जिल्ह्याचा कारभार त्या भाषेत चालावा, असे आयोगाचे म्हणणे होते. 1956 च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-अ आणि 350-ब घटनेत आले. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने विशेष अधिकारी नेमावा, असे त्यांत सांगितले आहे. उपाय कागदावर तयार होते. आसामच्या विधानसभेने त्यांच्यातला एक घेतला आणि त्याला दोनतृतीयांशाची दोरी बांधली.

5 फेब्रुवारी 1961 ला करीमगंजमध्ये काछाड गणसंग्राम परिषद स्थापन झाली. 14 एप्रिलला, बंगाली नववर्षाच्या दिवशी, सिल्चर, करीमगंज आणि हैलाकांदीत संकल्प दिवस पाळला गेला. 24 एप्रिलला पदयात्रा निघाली. गावोगाव सभा घेत, कलम पाच म्हणजे काय ते लोकांना समजावत ती 2 मे रोजी सिल्चरला पोचली. परिषदेचे प्रमुख रथींद्रनाथ सेन यांनी जाहीर केले की 13 मेपर्यंत बंगालीला मान्यता मिळाली नाही, तर 19 मेला पहाटेपासून संध्याकाळपर्यंत हरताळ होईल. सरकारचे उत्तर बंदुकांच्या रूपाने आले. 12 मेला आसाम रायफल्स, मद्रास रेजिमेंट आणि केंद्रीय राखीव पोलीस यांनी जिल्ह्यात संचलन केले. 18 मेला सेन यांच्यासह नलिनीकांत दास आणि 'युगशक्ती' साप्ताहिकाचे संपादक विधुभूषण चौधुरी यांना अटक झाली.

नेते तुरुंगात गेले तरी दुसऱ्या दिवशी सकाळचा हरताळ शांततेत पार पडला. संध्याकाळी तो संपणारच होता. दुपारी अडीचच्या सुमारास काटीगडा इथे अटक केलेल्या नऊ सत्याग्रहींना घेऊन पोलिसांचा एक ट्रक तारापूर स्थानकाजवळून निघाला. आपली माणसे नेली जात आहेत हे पाहून जमावाने घोषणा सुरू केल्या. ट्रकचा चालक आणि पोलीस घाबरून पळाले आणि कोणीतरी ट्रक पेटवला. अग्निशमन दलाने आग लगेच विझवली. त्यानंतर पाच मिनिटांच्या आत, 2 वाजून 35 मिनिटांनी, स्थानकावर तैनात असलेल्या निमलष्करी जवानांनी सत्याग्रहींना बंदुकीच्या दस्त्यांनी आणि लाठ्यांनी मारायला सुरुवात केली. मग गोळीबार झाला. सात मिनिटांत 17 फैरी झाडल्या गेल्या.

मंगला मार खाऊन खाली पडली आणि मदतीसाठी ओरडली. तिच्याकडे धावलेल्या कमलाच्या डोळ्यातून गोळी डोक्यात शिरली. त्या दिवशी नऊ जण गेले, नंतर आणखी दोन. कानाईलाल नियोगी, चंडीचरण सूत्रधर, हितेश बिश्वास, सत्येंद्र देब, कुमुदरंजन दास, सुनील सरकार, तरणी देबनाथ, शचींद्र पाल, वीरेंद्र सूत्रधर, सुकोमल पुरकायस्थ आणि कमला भट्टाचार्य. दुसऱ्या दिवशी संचारबंदीला न जुमानता सिल्चरकरांनी हुतात्म्यांची अंत्ययात्रा काढली. कमलाला मातृभाषेसाठी प्राण देणारी पहिली स्त्री मानले जाते.

केंद्रीय गृहमंत्री लालबहादूर शास्त्री त्यानंतर आसामात आले. जूनमध्ये त्यांनी तोडगा मांडला आणि ऑक्टोबर 1961 मध्ये विधानसभेने कायदा दुरुस्त केला. कलम पाच नव्याने लिहिले गेले. काछाड जिल्ह्यात जिल्हा पातळीपर्यंत प्रशासकीय आणि अन्य सरकारी कामांसाठी बंगाली वापरली जाईल, एवढेच त्यात म्हटले. दोनतृतीयांशाची अट गेली. असमिया राज्याची राजभाषा राहिलीच. तिच्या मानाला तसूभरही धक्का लागला नाही. वर्षभरापूर्वी, विधेयकाचा मसुदा तयार होताना, एवढेच केले असते तर तारापूर स्थानकावर गोळी झाडण्याची वेळच आली नसती. अकरा जणांचे प्राण ज्यासाठी गेले, ते देणे सरकारला पहिल्या दिवसापासून शक्य होते. या प्रकरणाची सर्वांत मोठी वेदना हीच आहे.

मोठ्या गटाला आपली चूक एका बाबतीत कळली, म्हणजे सगळीकडे कळली असे होत नाही. 1972 मध्ये महाविद्यालयीन शिक्षणाचे माध्यम असमिया करण्याचा प्रश्न उभा राहिला आणि 17 ऑगस्टला करीमगंजमध्ये बच्चू चक्रवर्ती हा तरुण मारला गेला. 1986 मध्ये शालान्त मंडळाने असमिया सक्तीची करणारे परिपत्रक काढले. 21 जुलैला करीमगंजमध्येच जगन्मय देव आणि दिव्येंदु दास गोळीबारात गेले. डोंगरी जिल्ह्यांनी तर वाट पाहणेच सोडले. भाषा विधेयकाच्या वेळी, 1960 मध्येच, तिथल्या पक्षांनी एकत्र येऊन सर्वपक्षीय डोंगरी नेत्यांची परिषद स्थापन केली होती. कॅप्टन विल्यमसन संगमा यांच्या नेतृत्वाखाली तिने वेगळ्या राज्याची मागणी लावून धरली आणि 21 जानेवारी 1972 ला मेघालय हे पूर्ण राज्य झाले. राज्य एका भाषेत बांधून घेण्याच्या प्रयत्नात आसामने आपले डोंगर गमावले.

बराक खोऱ्यातली बंगाली ही आसामात अल्पसंख्य, पण खोऱ्यात बहुसंख्य. तिच्याही आत आणखी लहान भाषा होत्या. विष्णुप्रिया मणिपुरी बोलणाऱ्यांना आपल्या मुलांचे प्राथमिक शिक्षण आपल्या भाषेत हवे होते. घटनेच्या 350-अ मध्ये नेमके तेच लिहिलेले असूनही त्यांना अनेक दशके झगडावे लागले. 16 मार्च 1996 ला कलकलीघाट स्थानकावर रेल रोको चालू असताना पोलिसांच्या गोळीबारात सुदेष्णा सिंह ही तरुणी गेली. पुढे 2001 मध्ये बराक खोऱ्यातल्या प्राथमिक शाळांत विष्णुप्रिया मणिपुरी आली. पुन्हा तोच क्रम: आधी मागणी, मग गोळी, मग मान्यता.

आणि न-असमिया? ज्यांनी 1951 मध्ये आपली मातृभाषा कागदावर बदलली, त्यांच्या मुला-नातवंडांनी असमियातून शिक्षण घेतले, असमियात लिहिले. 1979 ते 1985 च्या परकीय नागरिकांविरुद्धच्या आंदोलनात आणि त्यानंतरही त्यांच्यावरचा परकेपणाचा शिक्का पुसला गेला नाही. 31 ऑगस्ट 2019 ला राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी आली, तेव्हा 19,06,657 अर्जदार तिच्याबाहेर राहिले. त्यांत बंगाली हिंदू होते, बंगाली मूळ असलेले मुसलमान होते, इतरही होते. त्याच सुमारास चरांवरच्या काही तरुण कवींनी घरच्या बोलीत आपली व्यथा मांडली, तर त्यांच्यावर गुवाहाटीत पोलिसांत तक्रारी दाखल झाल्या. भाषा स्वीकारली की स्वीकार मिळतो, असे स्थलांतरितांना नेहमी सांगितले जाते. या लोकांनी करारातला आपला भाग पाळला. समाजाने आणि सरकारने आपला भाग पाळला का, हा प्रश्न आजही उभा आहे.

मराठी वाचकाला या इतिहासातले काहीही परके वाटणार नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी आपणही हुतात्मे दिले. बेळगाव, खानापूर, निपाणीतला मराठी माणूस सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून आजही अर्ज करतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य 15 ते 20 टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत छापाव्यात, हे केंद्राच्या 1956 च्या निवेदनात लिहिलेले आहे, आणि त्याचाच आधार तो घेतो. काछाडची मागणी आणि बेळगावची मागणी यांची जात एकच आहे. म्हणूनच बेळगावसाठी जो न्याय आपण मागतो, तो आपल्या घरातही द्यायला हवा. सांगलीच्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावे आहेत, सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरे आहेत, मेळघाटात कोरकू आहे. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर चालवली, तर शासनाच्या मान्यतेसाठी तिला झगडावे लागले.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठी, असमिया आणि बंगाली या तिन्ही भाषांना, पाली आणि प्राकृत यांच्याबरोबर, एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. तिघींचाही मान वाढला, आणि एकीमुळे दुसरीचा कमी झाला नाही. कारभाराच्या भाषेबाबतही हे साधते. राज्याची भाषा राज्याच्या ठिकाणी ठेवूनच जिल्ह्याची, गावाची आणि पहिलीच्या वर्गाची भाषा सांभाळता येते. 1961 चे दुरुस्त झालेले कलम पाच याचा पुरावा आहे. मात्र ती तरतूद बिनशर्त हवी आणि वेळेवर हवी. भाषेचा कायदा लिहिताना त्या प्रदेशातली सर्वांत लहान भाषा बोलणाऱ्या माणसाला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, त्याने रुळांवर येऊन बसण्याआधी. ज्यांनी स्वतःच्या भाषेसाठी लढा दिला आहे, त्यांच्यावर ही जबाबदारी सर्वांत आधी येते, कारण भाषा नाकारली गेली की माणसाचे काय होते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.